एका जाळीखाली दोन घरं

यमुताई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मी एका नाल्याशी भांडत होते. नाला नकाशातला होता. तो एका वळणावर स्वतःलाच ओलांडून जात होता आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मला तिसऱ्यांदा सांगत होतं की हा आकार अवैध आहे. अवैध आहे हे मलाही दिसत होतं. मी त्यालाच सरळ करायला बसले होते.

"मॅडम, नकाशात माह्यं घर नाही," दारातून आवाज आला.

"हरकतीचा फॉर्म खाली भांड्यांच्या दुकानात ठेवलाय," मी मान वर न करता म्हटलं.

"भरला. त्यायनंच वर पाठवलं."

साठीच्या बाई होत्या. डोक्याला ओला दुपट्टा, हातात कापडी पिशवी. जरीपटक्याहून इतवारीपर्यंत दोन ऑटो बदलून, पंचेचाळीस डिग्रीत, दोन जिने चढून आल्या होत्या. मी उठून पाणी दिलं. माझा राग नाल्यावर होता, त्यांच्यावर नव्हता. पण तो कुणावर आहे हे माझ्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही, असं आई म्हणते.

आमच्या ऑफिसात तिघंच. उन्मेष सर मालक. विक्की ड्रोन उडवतो. बाकीचं सगळं मेघा करते, म्हणजे मी. जरीपटक्याच्या मागे नाल्याकाठी जी वस्ती आहे, तिथल्या लोकांना घराखालच्या जागेचा पट्टा मिळणार होता. पट्टा म्हणजे घरवाल्याच्या नावाचा कागद. तो मिळायचा तर आधी घर नकाशात हवं, आणि नकाशाचं काम आमच्याकडे होतं.

काम ऐकायला सोपं आहे. विक्कीनं मेच्या पहिल्या आठवड्यात वस्तीवरून ड्रोन फिरवला. त्याचा एक भलामोठा फोटो तयार झाला. फोटो म्हणजे नुसते रंगीत ठिपके, एकेक ठिपका जमिनीवरच्या पाच सेंटिमीटरचा. याला रास्टर म्हणतात. मग सॉफ्टवेअर रंगावरून ठरवतं की हा ठिपका छपराचा, हा रस्त्याचा, हा झाडाचा. छपराचे ठिपके एकत्र करून त्यांच्याभोवती ते रेघ ओढतं. ही रेघ म्हणजे वेक्टर. त्या रेघेला वस्तीच्या यादीतलं नाव जोडलं की ते कुणाचं तरी घर झालं. नाव जोडलं नाही तर नुसता चौकोन. कच्चा नकाशा आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर लावला होता आणि हरकतींची मुदत एकतीस मेपर्यंत होती.

"नाव सांगा."

"यमुताई."

"पूर्ण नाव, मावशी."

"यमुना तुळशीराम सुखदेवे," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून मोबाईल काढून एक फोटो दाखवला. टिनाचं घर, निळं दार, दारात त्या स्वतः. "हे पाहा. घर आहे. मी त्यातच राह्यते. शाळेत खिचडी शिजवते न इथंच येऊन झोपते."

घर आहे यात शंका नव्हती. नकाशात नव्हतं.

आमच्याकडे काही हरवलं की मी आधी समुद्रात बघते. नकाशाला कुठली मोजणी पद्धत लावायची हे चुकलं की सॉफ्टवेअर सगळं उचलून आफ्रिकेच्या पश्चिमेला पाण्यात नेऊन ठेवतं, जिथं अक्षांशही शून्य आणि रेखांशही शून्य. उमरेडची एक अख्खी शाळा मागच्या वर्षी आठवडाभर तिथं होती, मैदानासकट. यमुताईंचं घर तिथं नव्हतं. मग मी अवैध आकारांची यादी काढली. त्यात माझा नाला होता, घर नव्हतं. मग गाळणी तपासली. दहा चौरस मीटरपेक्षा लहान ठिपक्यांचे पुंजके आम्ही गाळून टाकतो, नाहीतर पाण्याच्या टाक्यासुद्धा घरं होऊन बसतात. गाळणी काढून पुन्हा चालवलं. वस्तीत चारशे नवी घरं निघाली, सगळ्या टाक्या. यमुताईंचं घर त्यातही नव्हतं.

यमुताई शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि शून्य अक्षांशापासून टाक्यांपर्यंत सगळं बघत होत्या.

"फोटूत पाह्यलं का?" त्यांनी विचारलं.

मला राग आला, कारण नव्हतं पाहिलं. तीन वर्षं हे काम करते आहे, आणि मूळ फोटो मी सगळ्यात शेवटी उघडते. उघडला. त्यांनी सांगितलं तसं समाजमंदिरापासून नळापर्यंत आले, नळाच्या उत्तरेला वळले. तिथं एक हिरवा चौकोन होता.

"मावशी, इथं तर बगीचा आहे."

"बगीचा कायचा? थे जाळी आहे ना बेटा."

आता हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. मे महिन्यात नागपुरात टिनावर हिरवी जाळी बांधल्याशिवाय माणूस राहत नाही. माझ्या घराच्या गच्चीवर तीच जाळी आहे, मागच्या रविवारी मीच शिडी धरली होती. आणि ड्रोन आम्ही मे महिन्यातच उडवतो, कारण आभाळ साफ असतं. सॉफ्टवेअरनं हिरवं बघितलं, झाड म्हटलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला 'हिरवं म्हणजे झाड' मीच शिकवलं होतं.

मोजलं तर वस्तीतली त्रेचाळीस घरं झाडं झाली होती. हरकत एकच आली होती. भिंतीवरच्या नकाशात आपलं घर शोधायला भर उन्हात कुणी उभं राहत नाही. यमुताई राहिल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत मी सॉफ्टवेअरला नवीन धडा दिला. जाळीचे चाळीस नमुने दाखवले, हे हिरवं छपराचं आहे म्हणून सांगितलं आणि सगळं पुन्हा चालवलं. झाडांमधून घरं बाहेर आली. उन्मेष सर खूश झाले. त्यांनी लगेच सुधारलेल्या चिठ्ठ्या छापायला लावल्या, प्रत्येक घराची एक, वर नाव आणि चौरस मीटर. विक्कीनं सकाळी त्या वस्तीत वाटल्या.

दुपारी यमुताई परत दारात.

"आता घर आहे," त्या म्हणाल्या. "पण थे भाऊजीच्या नावानं आहे."

धोंडबा फकिरा सुखदेवे, एकसष्ट चौरस मीटर. घरं त्रेचाळीस होती, जाळ्या बेचाळीस. दोन घरांवर मिळून एक जाळी होती, म्हणून सॉफ्टवेअरनं दोन घरांभोवती एकच रेघ ओढली. त्या एका आकारात यादीतली दोन नावं पडली. असं झालं तर काय करायचं, याचा एक पर्याय असतो, आणि तो मीच निवडून ठेवला होता: पहिलं नाव घ्यायचं. यादी अक्षरांच्या क्रमानं होती. ध आधी येतो.

मी यमुताईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मशीन बी तेच म्हणते."

'तेच' म्हणजे काय ते मग कळलं. धोंडबा त्यांचे दीर. तुळशीराम वारले त्याला नऊ वर्षं झाली. त्याच महिन्यापासून दीर म्हणू लागले की घर आमच्या बापाचं, फकिराबुवाचं होतं, म्हणजे आता माझं आहे, वयनीले राहू देऊन राहिलो हे उपकार समजा. मधे विटांची भिंत होती, चुली दोन होत्या, दारं दोन होती. पण विजेचं मीटर एक, आणि तेही धोंडबांच्या नावानं. यमुताईंकडे त्यांच्या नावाचा कागद म्हणाल तर रेशनकार्ड, तेही तुळशीरामाची पत्नी म्हणून. नऊ वर्षं दोन घरांत शब्द नव्हता.

"मग जाळी एक कशी?" मी विचारलं.

"ताग्याची रुंदी पुरते ना दोन्हीकडे. कापली तर दोघायचं बी उन्ह राह्यते," त्या म्हणाल्या. "एप्रिलात थे त्यायच्या बाजूनं चार गाठी मारतेत, मी माह्या बाजूनं चार. बोलाचं काय काम पडते?"

विक्की मागून म्हणाला, "मधून एक रेघ मार ना यार. कोन पाह्यते?"

मारता आली असती. आकार दुभागायचं बटण आहे, दोन सेकंदांचं काम. पण जाळीखाली भिंत कुठं आहे हे मला दिसत नव्हतं, आणि जिथं मी रेघ मारीन तिथं ती पुढची शंभर वर्षं राहणार होती. मी विक्कीला म्हटलं, तुझ्या घरात मारते अंदाजानं एक. त्यात पट्ट्याच्या ऑफिसातून आमच्या सुधारलेल्या नकाशावर शेरा आला: जाळी, ताडपत्री इत्यादी तात्पुरते आच्छादन घर म्हणून धरू नये. म्हणजे कालचा धडा आज पुसायचा. उन्मेष सरांनी डोक्याला हात लावला आणि मग तेच म्हणाले जे मी दुपारपासून म्हणत होते. अठ्ठावीस तारखेला अकरा ते बारा सगळ्यांनी जाळ्या काढायच्या, ड्रोन पुन्हा उडेल. ज्याच्यावर जाळी राहील, त्याचं घर दिसणार नाही. समाजमंदिराच्या भोंग्यावरून हे तीनदा सांगितलं गेलं.

अठ्ठावीसला नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. मी विक्कीबरोबर दहालाच पोचले. लोक शिड्या लावून जाळ्या सोडत होते, शिव्या देत होते, पण सोडत होते. धोंडबा आपल्या दारात बाजेवर बसले होते. सत्तरीचे, पांढरा बनियान, हातात आमची चिठ्ठी. त्यांनी ती लॅमिनेट करून आणली होती.

"काका, जाळी सोडा," मी म्हटलं. "ही चिठ्ठी आता रद्द झाली."

"काहून रद्द? सही शिक्का आहे."

"आमचाच शिक्का आहे. चूक होती ती."

"चूक कशी? सरकारच्या नकाशात एक घर आलं. मी कोन होतो दोन करणारा?" त्यांनी चिठ्ठी उन्हात चमकवली. "जाळी काढली का दोन दिसते. नाही काढत. जा, उडव तुहं विमान."

"जाळी राहिली तर तुमचं घरच दिसणार नाही."

"कागद आहे ना हातात."

मला इतका संताप आला की मी पाणी प्यायला गेले. मी भांडू शकले असते, पण समोर माझाच कागद होता. त्या माणसाच्या हातात खोटं असं काहीच नव्हतं. जे होतं ते मी छापलं होतं.

मी परत आले तेव्हा यमुताई आपल्या दारासमोर स्टुलावर चढलेल्या होत्या. पहिली गाठ त्यांनी सोडली होती. मी पळत जाऊन स्टूल धरलं.

"चारच सोडते," त्या म्हणाल्या. "माह्या आहेत तेवढ्या."

चार गाठी सुटल्यावर जाळीचा त्यांच्याकडचा अर्धा भाग त्यांनी लांब बांबूनं उचलला आणि भिंतीपलीकडे धोंडबांच्या छपरावर लोटला. तिथं ती दुहेरी झाली. नऊ वर्षांत प्रथमच धोंडबांच्या घराला दुप्पट सावली मिळाली. ते बाजेवरून बघत होते. काही म्हणाले नाहीत. म्हणायला वयनीशी बोलावं लागलं असतं.

"मावशी, आता नळाच्या झाडाखाली बसा तासभर," मी म्हटलं.

"नाही वं. घर मोजून राह्यले ना? मी घरातच पाह्यजे."

ड्रोनला छपराखालचा माणूस दिसत नाही, हे मी त्यांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. मीही आत जाऊन बसले. उघडं टिन तापायला लागलं तसा वास यायला लागला, गरम लोखंडाचा. यमुताईंनी कोपऱ्यातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर ओलं फडकं फिरवलं, मग तेच माझ्या डोक्यावर ठेवलं. वरून विक्कीचा ड्रोन भुणभुणत गेला, परत आला, परत गेला. त्या प्रत्येक वेळी सरळ बसायच्या. मला रडू येत होतं आणि मी ते घामावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. आकार क्रमांक एकशे बारा, एकोणतीस चौरस मीटर, यमुना तुळशीराम सुखदेवे. आकार वैध. शेजारी हिरवं. सॉफ्टवेअरनं पहिल्यासारखं त्याला झाड म्हटलं, आणि शेऱ्याप्रमाणे या वेळी मला त्याला दुरुस्त करायची परवानगी नव्हती. धोंडबा फकिरा सुखदेवे या नावाला जोडायला आकार नव्हता. मी हे दोनदा तपासलं. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा मजा म्हणून.

एकतीस तारखेला शेवटच्या दिवशी चार वाजता धोंडबा दोन जिने चढून आले. दम लागला होता. त्यांनी लॅमिनेट केलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी नवीन यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन्ही नीट वाचल्या.

"माह्यं घर कुठं गेलं?"

"झाडीत."

"आता?"

आता पुन्हा ड्रोन उडणार नव्हता. ज्यांचं घर फोटोत दिसलं नाही त्यांच्यासाठी एकच वाट होती: जागेवर फीत लावून मोजणी, आणि त्यासाठी अर्ज. अर्जात घराच्या चारही बाजूंना काय आहे ते अर्जदारानं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि शेजाऱ्याची सही घ्यायची, की हो, इथं याचं घर आहे. अर्ज आमच्याकडेच, पाच वाजेपर्यंत द्यायचा.

धोंडबांनी लिहायला घेतलं. पश्चिमेस नाला. उत्तरेस रस्ता. दक्षिणेस सार्वजनिक नळ. पूर्वेस लिहिताना ते थांबले, मग लिहिलं: स्वतःचेच घर.

"सही कुणाची घेणार?" मी विचारलं. "नाला करत नाही सही. नळही नाही. आणि स्वतःच स्वतःचे शेजारी होता येत नाही, काका."

खाली कुणीतरी पातेल्यांची थप्पी आदळली. मग त्यांनी मलाच फोन करायला सांगितलं, त्यांच्याकडे वयनीचा नंबर नव्हता. यमुताईंना यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात धोंडबांनी 'स्वतःचेच' खोडून 'भावाच्या बायकोचे' लिहिलं होतं.

यमुताई आल्या, बसल्या, चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. मी घड्याळाकडे बघत होते. त्यांनी सही केली नाही तर धोंडबांचं घर नकाशात येणार नव्हतं, आणि का करावी याचं एकही कारण मला सुचत नव्हतं. माझ्या मनात काय होतं ते सांगते: करू नये असं होतं.

त्यांनी 'पूर्वेस'वर बोट ठेवलं आणि नऊ वर्षांनी दिराशी बोलल्या.

"भाऊजी, हे कोनाचं घर आहे?"

धोंडबांनी बोटानंच 'भावाच्या बायकोचे' दाखवलं.

"मले नाव आहे," यमुताई म्हणाल्या. "नाव लिवा. मग करते सही."

चार पन्नास झाले होते. धोंडबांनी 'भावाच्या बायकोचे' खोडलं. पेन कागदावर टेकवून ते थांबले, आणि मला वाटलं आता उठून जातात. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पुरं नाव कसं लिवाचं? यमुताईच म्हणतेत सारे."

मी यादीकडे हात नेला. यमुताईंनी माझा हात धरला.

"मले विचारा," त्या दिराला म्हणाल्या.

धोंडबांनी विचारलं. यमुताईंनी एकेक शब्द सांगितला, आणि धोंडबांनी तो लिहिला: पूर्वेस, यमुना तुळशीराम सुखदेवे यांचे घर. यमुताईंनी ओळ एकदा वाचून पाहिली, पेन मागितलं आणि खाली सही केली.